चुन्याच्या रेघा

भगवंत ग्रामसेवक पावणेदहाला आला. ठरलं होतं साडेआठला. दर्यापूरच्या स्टँडसमोर ज्योत्स्ना सव्वा तास उभी होती, आणि तेवढ्या वेळात या माणसाला जे जे म्हणायचं ते सगळं तिनं मनातल्या मनात दोनदा म्हणून घेतलं होतं. तो आला तो हातात छत्री, पायात नवे कोरे गमबूट आणि काखेत प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली फाइल घेऊन. आल्या आल्या म्हणतो कसा, "नाश्ता झाला काय मॅडम?"

"माहा बाप सापडून नाइ राहिला, आज आठ दिवस झाले," ती म्हणाली, "आन् तुमी मले नाश्ता विचारता?"

भगवंतनं छत्री या हातातून त्या हातात घेतली आणि जीपवाल्याला हाक मारली.

जीप तुटलेल्या पुलापर्यंतच जाणार होती. तिथून पुढं पूर्णा नदीच्या काठाकाठानं अकरा किलोमीटर पायी. बंगालच्या उपसागरात उठलेलं वादळ वऱ्हाडापर्यंत येता येता फक्त पाऊस होऊन उरतं म्हणतात. या वेळी ते फक्त पाऊस होऊन आलं नव्हतं. तीन दिवस वाऱ्यानं बाभळी मुळासकट उपटल्या, आणि अठरा ऑगस्टच्या दुपारी पूर्णा आपला काठ सोडून गावांत शिरली.

ज्योत्स्नाचं गाव खारबर्डी. तीन बाजूंनी नदीचं वळण आणि चौथ्या बाजूला नाला, मधल्या उंचवट्यावर घरं. पूर आला की गावाचं बेट होतं, म्हणून आजूबाजूची गावं या लोकांना हसत हसत 'बेटावरचे' म्हणत. सगळा खारपाणपट्टा. जमिनीखालचं पाणी असं खारं की तुरीची डाळ त्यात शिजता शिजत नाही, आणि चाळिशीत माणसांचे गुडदे, म्हणजे किडन्या, जातात. ज्योत्स्नाची आई त्यातच गेली. त्यानंतर दोन वर्षांनी गावात गोड्या पाण्याची पाइपलाइन आली आणि तिचे बाबा, देवमन, पंपघरावर पाणी सोडायला लागले. बावीस वर्षं त्यांनी रोज पहाटे व्हॉल्व्ह फिरवला.

आणि त्याच माणसाला गाव पुरात विसरून आलं होतं.

विसरलं कसं, ते ऐकून ज्योत्स्नाच्या डोक्यात तिडीक गेली होती. बचावाची होडी आली तेव्हा भगवंत काठावर यादी घेऊन उभा राहिला. हाताशी दुसरी यादी नव्हती म्हणून त्यानं नळजोडणीची यादी घेतली. दोनशे बारा घरं, दोनशे बारा नळ. एकेक घर होडीत बसलं की एकेक बरोबरची खूण. दोनशे बारा खुणा झाल्या तेव्हा त्यानं खाली लिहिलं, 'गाव पूर्ण रिकामे', आणि सही ठोकली. देवमन राहत होते पंपघरातच. त्यांच्या नावावर नळ नव्हता. सगळ्या गावाला पाणी देणारा माणूस पाणी घेणाऱ्यांच्या यादीत असणार कुठून?

ती अकोल्याला पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत कामाला. बाबांचा फोन लागेना तेव्हा छावणीत असतील म्हणून तिनं दोन दिवस काढले, आणि त्या दोन दिवसांसाठी ती स्वतःलाही माफ करायला तयार नव्हती. तिसऱ्या दिवशी ती दर्यापूरच्या शाळेतल्या छावणीत खोली खोली फिरली. जो तो म्हणे, दुसऱ्या होडीत असतील. शेवटी शेजारची जयवंता म्हातारी म्हणाली, "तो त पंप बंद कराले गेला होता माय. मले म्हने, तू हो पुढं."

पोलिसांनी यादी मागितली. यादीत सगळे सुखरूप. शोधपथकानंही यादीच मागितली. यादीत बेपत्ता म्हणून नाव नाही तर होडी कोणासाठी काढायची? आणि पथक उद्या दुपारी परत जाणार होतं. भगवंतनं आज संध्याकाळपर्यंत यादीत एक ओळ वाढवली तर बाबांचा शोध होणार होता, नाहीतर नाही. पण ओळ वाढवायची म्हणजे स्वतःची चूक स्वतःच्या हातानं लिहून द्यायची. भगवंत पाच दिवस कानावर हात ठेवून बसला होता. शेवटी त्याच्या टेबलासमोर तिनं जमिनीवर बसकण मारली तेव्हा तो एवढंच कबूल झाला, की आधी पंपघर पाहू, मग काय ते लिहू.

पुलाशी जीप थांबली आणि ती दोघं चालायला लागली.

काठ अजून सावरत होता. गाळाला भेगा पडल्या होत्या आणि भेगांमधून तरोट्याची कोवळी पानं वर आली होती. कपाशीची पऱ्हाटी आडवी होऊन गाळात रुतलेली. बाभळीच्या फांद्यांना डोक्याएवढ्या उंचीवर चिंध्या, कडबा, एक प्लास्टिकची खुर्ची आणि कोणाच्या तरी लग्नातली झालर अडकली होती. पाणी कुठपर्यंत आलं होतं ते सांगायला कोणी लागत नव्हतं. कुठंतरी जनावर सडत होतं. दुसऱ्या काठावर एक बाई धुतलेल्या गोधड्या झुडपांवर टाकत होती, आणि एवढ्या सगळ्यात तेवढंच जगण्याचं लक्षण होतं.

सवयीनं ज्योत्स्नानं पिशवीतून पाण्यातला क्षार मोजायचा मीटर काढला आणि नदीत बुडवला. आकडा साधा होता. पुराचं पाणी गढूळ असलं तरी गोडं असतं.

पहिली रेघ भगवंतला दिसली.

"मॅडम, हे पाहा."

एका बाभळीच्या बुंध्यावर, गुडघ्याच्या उंचीला, चुन्याची पांढरी रेघ होती. वीतभर लांब, उजवीकडं किंचित चढत गेलेली. पुढं आकडा: १९.

ही रेघ ज्योत्स्नानं हजारदा पाहिली होती. बाबांचा उजवा खांदा तरुणपणी बैलगाडीवरून पडून मोडला होता, तेव्हापासून त्यांची कोणतीही रेघ उजवीकडं चढायची. रोज सकाळी टाकीत पाणी किती ते घायपाताच्या कुंच्यानं पंपघराच्या भिंतीवर मांडायचे, रेघ आणि तारीख. पंपघरामागच्या जुन्या खाऱ्या विहिरीतही तसंच. ते पाणी कोणी पीत नव्हतं, तरी बाबा ते मोजायचे. खारं पाणी दरवर्षी वर चढतंय असं म्हणायचे. ग्रामपंचायतीत तीन अर्ज दिले होते. भगवंत तेव्हा सगळ्यांसमोर हसला होता, "देवमन, तू काय समुद्र मोजून राहिला काय?"

"म्हंजे बाबा जिवंत हायेत!" भगवंतचा चेहरा खुलला. "एकोणीस तारीख. पुराच्या दुसऱ्या दिवशीची. आता काहून लिहायचं बेपत्ता?"

तिलाही तेच वाटलं होतं. त्याच्या तोंडून ते ऐकलं आणि तिचा आनंद नासला. याला बाप सापडल्याचं सुख नव्हतं, याला यादी वाचल्याचं होतं.

"चाला," ती म्हणाली.

दुसरी रेघ अर्ध्या तासानं, कडुनिंबावर. २०. मांडीच्या वर. तिसरी कमरेच्या वर, २२. मग एका विजेच्या वाकलेल्या खांबावर २४, छातीशी. प्रत्येक वेळी भगवंत मोबाइलवर फोटो काढत होता. त्याची चाल हलकी झाली होती, मध्येच एकदा तर तो शीळही घालायला लागला. ज्योत्स्नाची पावलं मात्र जड होत गेली, कारण तिचं डोकं हिशेबाचं होतं आणि हा हिशेब जमत नव्हता.

"थांबा," ती खांबाशी म्हणाली. "पूर कवा उतरला?"

"वीस तारखेले."

"मंग चोवीसले छातीएवढं पाणी कोणतं मोजलं त्याईनं?"

भगवंतनं खांद्यांना झटका दिला. "म्हातारा माणूस. आठवण म्हून लावली असल खूण."

तिनं खांबावर बोट फिरवलं. पुराचा गाळ खांबावर वाळून कडक झाला होता, आणि चुना त्या गाळाच्या वरून लागला होता. म्हणजे पाणी उतरून गाळ वाळल्यावरच कोणीतरी इथं येऊन रेघ मारली होती. ती वाकून खाली पाहायला लागली. खांबाभोवती चार-पाच हात ओला, साईसारखा गाळ होता. त्यात तिच्या चपलांचे ठसे होते आणि भगवंतच्या गमबुटांचे. बगळ्याचेसुद्धा होते.

तिसऱ्या माणसाचे नव्हते.

"पाय कुठं हायेत त्याईचे?" तिनं विचारलं.

भगवंतनं खांबाभोवती एक फेरी मारली. मग म्हणाला, "मॅडम, तुमी उगाच नाट लावून राहिल्या. रेघ त हाये ना? रेघ असली म्हंजे माणूस हाये."

"नळ असला म्हंजे माणूस हाये, नळ नसला त नाइ. तुमचं असंच हाये ना पहिलेपासून?"

तो चिडला. "अवो, त्या दिवशी पाणी माह्या गळ्यापर्यंत होतं! अंधारून आलं होतं. नऊशे माणसं काढली मी. एक राहिला, एक!"

म्हणून गेला आणि मग त्याच्या लक्षात आलं, आपण काय कबूल केलं ते. ज्योत्स्नाला त्याच्या कानफटात मारावीशी वाटली. तिनं पिशवीचा बंद खांद्यावर घट्ट ओढला आणि ती पुढं निघाली. मागून गमबुटांचा पचपच आवाज येत राहिला. शीळ थांबली होती.

गावाचा उंचवटा दिसायला लागला तसा काठ बदलला. बोरीच्या काट्यांवर पांढरी बुरशी दिसत होती. तिनं काटा तोडून पाहिला, बुरशी नव्हती, मीठ होतं. गाळावरही पांढरा पापुद्रा धरला होता आणि पावलाखाली तो करकरत होता. तरोटा इथं उगवला नव्हता, काहीच उगवलं नव्हतं. जनावराच्या खुराच्या ठशात साठलेल्या पाण्यात तिनं मीटर धरला. आकडा चढत गेला, विहिरीच्या पाण्याला कधी नव्हता तिथवर गेला, आणि मीटरची हद्द संपली. तिनं मीटर पुसला, पुन्हा बुडवला. पुन्हा तेच.

मग तिनं बाबांसारखं केलं. बोट बुडवून जिभेला लावलं.

एकदा प्रशिक्षणासाठी रत्नागिरीला गेली होती तेव्हा लाट तोंडावर आली होती. ती चव विसरण्यातली नाही. इथून समुद्र कितीतरी दिवसांच्या वाटेवर.

लहानपणी तिनं बाबांना विचारलं होतं, आपल्या विहिरीत मीठ कोण टाकतं? बाबा म्हणाले होते, "कोणी नाइ टाकत, पोरी. ते पाणी कुठून आलं नाइ, ते इथंच बसून हाये. आपूनच मंग आलो. उठल तवा समजल."

"चाला लवकर," भगवंत म्हणाला.

गावात कोणी नव्हतं. विहाराच्या पायऱ्यांवर गाळ होता, पंचशील ध्वजाचा नुसता दांडा उभा होता. वाऱ्यानं एक पत्रा कुठंतरी हलत होता. पंपघराचं दार उघडं होतं, आणि दाराशेजारच्या भिंतीवर, ज्योत्स्नाच्या गळ्याच्या उंचीला, रेघ होती. २६.

आजची तारीख.

तिनं बोट लावलं. चुना ओला होता. बोटाला लागला.

"बाबा!"

तिच्या हाकेनं विहाराच्या आडोशाचे कावळे उडाले. बाकी काही झालं नाही. ती आत शिरली. बाबांची खाट गाळानं भरलेली. रेडिओ उलटा पडलेला. खुंटीला खाकी शर्ट लटकत होता आणि त्यातून थेंब थेंब पाणी गळत होतं, जसा आत्ताच कोणी घालून, भिजून, काढून ठेवला असावा. खाली चुन्याचं डबडं. डबड्यात कुंचा उभा. कुंच्याच्या टोकाशी चुना अजून ओघळत होता.

"बाबा, मी आली हावो. ज्योत्स्ना."

मागच्या बाजूनं आवाज आला. मोठा नव्हता. म्हातारा माणूस झोपेत श्वास घेतो तसा, लांब आणि सावकाश.

विहिरीकडून येत होता.

ती गेली. भगवंत दारातच थांबला, पण एकट्यानं मागं राहणंही त्याला जमेना, म्हणून तिच्या मागोमाग आला. खारी विहीर काठोकाठ भरली होती. पाणी नदीसारखं गढूळ नव्हतं. स्वच्छ होतं, हिरवट, आणि खोलपर्यंत दिसत होतं.

विहिरीच्या आतल्या दगडांवर रेघा होत्या. पांढऱ्या, वीतभर, उजवीकडं चढलेल्या. एकाखाली एक, एकाखाली एक, पाण्याच्या तळापर्यंत. पाण्याखाली चुना लागत नाही. लागला तरी टिकत नाही.

तिच्या डोळ्यांसमोर पाणी हातभर खाली गेलं.

थांबलं.

मग तो श्वासाचा आवाज आला आणि पाणी वर चढलं. सगळ्यात वरच्या रेघेला टेकलं आणि तिथंच थांबलं. रेघेपुढं २६ लिहिलेलं होतं.

भगवंत खाली बसला. गाळातच. फाइल काढायला त्याला प्लास्टिकच्या पिशवीची गाठ सुटेना, शेवटी दातांनी फाडली.

"नाव सांगा," तो म्हणाला.

"माइत नाइ तुमाले?"

"पूर्ण नाव सांगा ना, बाई!"

"देवमन रायभान खंडारे. वय त्रेसष्ट. राहणार पंपघर."

त्यानं लिहिलं. दोनशे बाराव्या ओळीखाली दोनशे तेरावी. समोर 'बेपत्ता'. 'गाव पूर्ण रिकामे' यावर त्यानं स्वतःच काट मारली आणि शेजारी सही केली. ज्योत्स्नानं मोबाइलवर त्याचा फोटो काढून घेतला. मग तिनं विहिरीत पुन्हा वाकून पाहिलं, खूप वेळ. तिथं रेघांशिवाय काही नव्हतं. खाकी शर्ट तिनं खुंटीवरून काढला, पिळला आणि पिशवीत घेतला. कुंच्याला तिनं हात लावला नाही. तो त्यांचा होता, आणि त्यांचं काम संपलेलं दिसत नव्हतं.

परतीच्या वाटेवर झाडांकडं कोणी पाहिलं नाही. भगवंतचे काळे गमबूट घोट्यापर्यंत पांढरे पडले होते.

साडेपाचला दर्यापूरच्या छावणीत शोधपथकाच्या अधिकाऱ्यानं यादी पाहिली, भगवंतकडं पाहिलं, आणि जे बोलायचं ते चार लोकांत बोलला. भगवंतनं मान खाली घालून ऐकून घेतलं. उद्या सकाळी सहाला होडी निघेल, अधिकारी म्हणाला. ज्योत्स्नाला वाटलं होतं, हे ऐकलं की आठ दिवसांचा राग उतरेल. तो उतरला नाही. यादीत एक नाव घालायला बावीस वर्षं आणि आठ दिवस लागले होते.

शाळेच्या मोठ्या वर्गखोलीत बाया सतरंज्या अंथरत होत्या. खुशी नावाची एक पोरगी बेंचवर बसून आईकडून वेणी घालून घेत होती. दर्यापूर खारबर्डीपेक्षा कितीतरी उंचावर. म्हणून तर सगळ्यांना इथं आणलं होतं. ज्योत्स्ना जयवंताच्या शेजारी भिंतीला टेकून बसली आणि दिवसभरात पहिल्यांदा तिला रडू आलं.

"लिहिलं काय त्याचं नाव?" जयवंतानं विचारलं.

"लिहिलं."

"बरं झालं माय. दुपारी मले वाटे का तो येऊन गेला. डोया लागला होता माहा. कोणीतरी बेंचवर चढून भिंतीले काहीतरी करून राहिलं होतं. म्या म्हनलं, देवमन होय काय? त बोललाच नाइ." म्हातारीनं स्टीलचा ग्लास तोंडाला लावला आणि लगेच तोंड वाकडं करून खाली ठेवला. "टँकरचं पानी सकाळी त गोड होतं. आता खारं काहून लागून राहिलं, पोरी?"

ज्योत्स्नानं मान वर केली. फळ्याच्या वर, पंख्याच्याही वर, छताला एक वीत कमी, चुन्याची रेघ होती. उजवीकडं चढत गेलेली.

अजून ओली होती. पुढं तारीख होती, २७.